गोंधळ होता साहेब, नाही म्हणत नाही: वर्गभेटीला येणाऱ्यांना एका बाईंचं खुलं पत्र

केंद्रप्रमुख साहेब, विस्तार अधिकारी साहेब, गटशिक्षणाधिकारी मॅडम आणि वर्षातून एखाद्या वेळी डाएटची, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेची, गाडी घेऊन येणारे सगळे,

नमस्कार.

पत्र खुलं लिहितेय कारण पाकिटातलं पत्र आवक रजिस्टरला नंबर पडून पुढं कुठं जातं ते तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही. शिवाय हे माझं एकटीचं रडगाणं नाही, केंद्रातल्या चार-पाच जणींशी बोलले तर प्रत्येकीच्या लॉगबुकात, म्हणजे साहेब भेटीचा शेरा लिहितात त्या वहीत, थोड्याफार फरकानं तेच वाक्य निघालं. माझ्या लॉगबुकातलं असं आहे, "सहावी-सातवीच्या वर्गात गोंधळ. शिक्षिका अध्यापन करताना आढळल्या नाहीत. वर्गनियंत्रणाकडे लक्ष द्यावे." खाली सही, तारीख, शिक्का.

कोणत्या साहेबांनी लिहिलं ते सांगणार नाही, तालुकाही लिहीत नाही, रत्नागिरी जिल्हा एवढं पुरे. साहेब माणूस म्हणून चांगले आहेत, शाळेचा चहासुद्धा घेत नाहीत. आणि खरं सांगू का, त्यांना दारातून जे दिसलं ते मला दिसलं असतं तर मीही तेच लिहिलं असतं. एक पोरगा जुन्या कॅलेंडरच्या कागदाची उंच टोपी घालून मधोमध उभा, दोघं जण हात नाचवून एकमेकांशी तावातावानं बोलतायत, एक पोरगी घड्याळाकडं बघून "पाच मिनटं ऱ्हायली" म्हणून ओरडतेय, सतरंजीवर चिंचोके सांडलेत, फळा कोरा, आणि बाई कुठायत तर पार मागं भिंतीला टेकून खाली बसून कागदावर रेघोट्या मारतायत. वर्ग की जत्रा.

तर आता त्या टोपीचं, चिंचोक्यांचं आणि रेघोट्यांचं काय ते सांगते. त्या दिवशी सांगायला मिळालं नाही, कारण साहेबांना अजून दोन शाळा करायच्या होत्या.

नोकरीला १७ वर्षं झाली, त्यातली पहिली १४ मी बोलले. चांगलं बोलले हो, तक्रार नाही कोणाची, आदर्श पाठ घेतले, टाचण वेळेवर, तक्ते रंगीत. मग एका प्रशिक्षणात स्वतःचा एक तास मोबाइलवर रेकॉर्ड करून आणायला सांगितलं होतं, तो रेकॉर्ड केला आणि रात्री भांडी आवरताना ऐकत बसले. ३५ मिनिटांच्या तासात माझाच आवाज. मुलांचा आवाज कुठं येतो तर "हो बाई", "समजलं बाई", आणि मी वाक्य अर्धवट सोडलं की शेवटचा शब्द सगळ्यांनी मिळून. "ग्रामपंचायतीत कमीत कमी किती सदस्य असतात? सा...?" "सात!" आणि जास्तीत जास्त? "सतरा!" याला मी १४ वर्षं प्रश्नोत्तर पद्धत म्हणत होते. प्रश्न विचारून मी थांबत किती होते ते मोजलं, तर थांबतच नव्हते, श्वास घ्यायच्या आत उत्तर मीच देऊन मोकळी. नंतर कळलं की हे काही माझंच व्यंग नाही, मेरी बड रो नावाच्या अमेरिकन बाईंनी १९७० च्या आसपास शेकडो तास टेप करून हेच दाखवलंय, की शिक्षक प्रश्नानंतर जेमतेम एक सेकंद थांबतात, आणि तेच तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरं लांबतात, एरवी गप्प असणारी पोरंही तोंड उघडतात. तीन सेकंद! करून बघा एकदा, वर्गात तीन सेकंद गप्प राहणं म्हणजे काय असतं ते. मला घाम फुटला होता.

मग ठरवलं की आठवड्यातून एक तास, गुरुवारची चौथी तासिका, मुलांनी चालवायची. रोज नाही. हे मुद्दाम सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल सिलॅबस कधी होणार. आणि सगळंच काही चर्चेतून होत नाही हेही मी पोळून शिकलेय, एकदा हौसेनं ऱ्हस्व-दीर्घ चर्चेला घेतलं तर मुलांनी हात वर करून बहुमतानं "पाणी" ऱ्हस्व करून टाकलं, पुढचे दोन तास ते निस्तरण्यात गेले.

पहिले दोन महिने नुसती फजिती. गोल करून बसवलं, म्हटलं बोला आता, तर १९ पोरं माझ्याकडं बघतायत. बोललेच तर तिघं बोलणार, जे नेहमी बोलतात ते, आणि बाकीची "मला पण तसंच वाटतं बाई." त्यातले दोघं शिष्यवृत्तीच्या क्लासला जाणारे, हुशार, त्यांनी एकमेकांतच मॅच लावलेली आणि बाकीचे प्रेक्षक. म्हणजे काय झालं, तर मी एकटी बोलायचे त्याऐवजी तिघं बोलायला लागले, वर्ग तिथंच.

चिंचोक्यांची आयडिया तिथून आली. माझी स्वतःची नाही, अशा प्रकारचं टोकन देऊन बोलणं बऱ्याच ठिकाणी करतात, आमच्याकडं चिंचोके फुकट आहेत एवढंच. प्रत्येकाला तीन. बोललं की एक मधल्या डब्यात टाकायचा. तीन संपले की तोंड बंद, कान चालू. आणि तास संपेपर्यंत ज्याच्याकडं उरतील त्यानं निदान एक तरी प्रश्न विचारून खर्च करायचाच. पहिल्याच दिवशी आमच्या हुशार पोरानं दोन मिनिटांत तिन्ही उडवले आणि उरलेला तास मांडीखाली हात दाबून बसला, इतका कासावीस झाला होता की मलाच दया आली. दुसऱ्या गुरुवारी पठ्ठ्या घरून खिशात मूठभर चिंचोके घेऊन आला. मुलांनीच पकडला. मग नकली नोटा ओळखायला म्हणून आमच्या चिंचोक्यांना गेरूचा ठिपका आला, तो नियम मुलांचा, मी नुसता गेरू आणून दिला.

टोपीचं असं. चर्चेत कामं वाटून दिलेली असतात, एक चर्चाप्रमुख, एक वेळ बघणारी, एक नोंदी करणारी, आणि एक जण असा की ज्यानं कोणी काहीही म्हटलं की "तुला कसं माहीत?" एवढंच विचारायचं. या चौथ्याला मी शंका विचारणारा म्हणत होते, पोरांनी त्याचा शंकासुर केला. शिमग्याला नमनात आमच्याकडं संकासूर येतो ना, काळे कपडे, उंच टोपी, पायात घुंगरू, पोरं त्याला भितात पण आणि त्याच्या मागं मागं पळतात पण, तो. मग टोपी हवीच झाली. मी नाही म्हटलं, तर कॅलेंडरचा फेब्रुवारी गायब. टोपीमुळं एक गोष्ट मात्र छान झाली, की मित्राला "तुला कसं माहीत" विचारलं तर एरवी भांडण होतं, टोपीवाल्यानं विचारलं तर राग येत नाही, कारण ते त्याचं कामच आहे. पुढच्या आठवड्यात टोपी दुसऱ्याच्या डोक्यावर.

आणि प्रश्न मी देत नाही. बुधवारी सुटायच्या आधी प्रत्येकानं धड्यावरचा एक प्रश्न चिठ्ठीवर लिहायचा, नाव नाही घालायचं. गुरुवारी परिपाठ झाला की पोरं त्या चिठ्ठ्यांचे तीन ढीग करतात, पुस्तकात उत्तर सापडेल असे, गावात विचारलं तर सापडेल असे, आणि विचार केल्याशिवाय सापडणारच नाही असे. पहिला ढीग स्वाध्यायाला जातो. चर्चा तिसऱ्या ढिगातल्या एका प्रश्नावर, कधी दुसऱ्यातल्या. जूनमध्ये १९ पैकी १८ चिठ्ठ्या पहिल्या ढिगात होत्या, "ग्रामसभा म्हणजे काय" छाप. जानेवारीत निम्म्या. हे मी कुठल्या रकान्यात भरू ते मला माहीत नाही, पण माझ्या १७ वर्षांत मी केलेलं सगळ्यात चांगलं काम कुठलं विचाराल तर हे.

आता रेघोट्या. साहेबांना बहुतेक वाटलं बाई यू-डायसची, म्हणजे शाळेची सरकारी माहिती भरतायत किंवा नुसताच टाइमपास. कागदावर मी मोठा गोल काढते, कडेनं मुलं बसलीत तशी नावाची आद्याक्षरं लिहिते, आणि कोण कोणाशी बोललं, कोणाच्या बोलण्यावर कोणी उत्तर दिलं, तशी रेघ ओढत जाते. जुलैचे कागद बघितले तर बैलगाडीच्या चाकासारखे दिसतात, सगळे आरे माझ्याकडं. पोरं एकमेकांशी बोलतच नव्हती, माझ्याशी बोलत होती, मी मागं बसले तरी मान वळवून माझ्याकडं बघून बोलायची. डिसेंबरचे कागद कोळ्याच्या जाळ्यासारखे. अशी भोवती बसून चर्चा करायची पद्धत पण जुनी आहे, अमेरिकेत एक्सेटर म्हणून एक बडी शाळा आहे, तिला १९३० मध्ये एडवर्ड हार्कनेस नावाच्या धनिकानं पैसे दिले ते याच कामासाठी, लंबगोल टेबल, भोवती बारा-तेरा मुलं, शिक्षक त्यांच्यातलाच एक होऊन बसणार आणि बोलणार कमी. बारा मुलं! आमच्या शाळेचा पट बारावर आला तर शाळा चालू ठेवायची की नाही याचीच चर्चा सुरू होईल. असो. टेबल नाही, सतरंजी आहे, तीही पोषण आहाराच्या तांदळाच्या खोलीतली.

तर एवढा सगळा सरंजाम त्या दिवशी मांडलेला होता. विषय काय होता तेही सांगते, कारण तो लॉगबुकात आला नाही.

सहावीच्या नागरिकशास्त्रात ग्रामीण स्थानिक शासन संस्थांचा धडा आहे. २६ जानेवारीची ग्रामसभा नुकतीच होऊन गेली होती. तिसऱ्या ढिगातली चिठ्ठी होती, "ग्रामसभा सगळ्यांची असते तर सगळे का जात नाहीत?" चिठ्ठी कोणाची ते मला अक्षरावरून कळलं, पण नियम म्हणजे नियम. ग्रामसभेला कोण गेलं होतं ते पोरं घरी विचारून आली होती. १९ जणांच्या घरांपैकी सात घरांतून बाप किंवा आजोबा गेलेले. आया दोन, त्याही आधीच्या महिला ग्रामसभेला, आणि त्या दोघींनी सही केली पण बसल्या नाहीत. का नाही बसल्या? एक पोरगा म्हणाला, "बायकांना काय कळत नाय म्हणून." शंकासुर म्हणाला, "तुला कसं माहीत?" तो म्हणाला, "बाबा म्हणतात." शंकासुर म्हणाला, "बाबांना कसं माहीत?" सगळा वर्ग हसला. मी रेघ ओढायला विसरले.

मग ज्या पोरीची आई सही करून निघून आली होती ती म्हणाली, "पाण्याची वेळ झाली होती. पाणी अकराला येतं, सभा अकराला."

आणि मग दुसरी एक पोरगी बोलली. ती म्हणजे, जूनपासून तिनं गोलात एकदाही आपणहून चिंचोका टाकलेला नव्हता, शेवटच्या सक्तीच्या प्रश्नाला "तुझं काय मत आहे" एवढंच शेजारणीला विचारून सुटका करून घ्यायची. जोडीत बोलायची, म्हणजे आधी दोन मिनिटं शेजारच्याशी बोलून घ्यायचं आणि मग गोलात, ते मी तिच्यासारख्यांसाठीच सुरू केलं होतं. त्या दिवशी तिनं आपणहून पहिला चिंचोका डब्यात टाकला. डब्यात पडलेला आवाज मला मागं ऐकू आला. म्हणाली, "आमच्याकडं अकराला पण नाय येत. सगळ्यांच्या शेवटी येतं. येतं तवा आई कामावर गेलेली असते."

"तुमची वाडी वर हाय ना, म्हणून," एक जण.

"आमची पण वरच हाय," दुसरा, "आमच्यात सकाळीच येतं."

तिची वाडी कुठली ते लिहीत नाही. तुम्हीही कोकणातलेच आहात, ओळखाल.

वर्ग एकदम शांत झाला. साहेब, तुम्ही सगळे कधी ना कधी शिक्षक होतात, तुम्हाला ती शांतता माहीत असेल. माझ्या जिभेवर तीन वाक्यं आली होती. एक समजूत घालणारं, एक संविधानाचं, एक विषय बदलणारं. मी तिन्ही गिळली आणि बोटांवर मोजायला लागले. सातपर्यंत आले असेन. ज्यानं "वर हाय ना" म्हटलं होतं तोच म्हणाला, "मग टाकीपासून कोण जवळ हाय ते बघाया पायजे." ती म्हणाली, "बघा की. पाणी नाय येत म्हणून आम्ही..."

आणि दारातून आवाज आला, "नाय नाही बाळ, नाही म्हणावं. शुद्ध बोलावं."

सगळी पोरं उठून उभी राहिली, नमस्ते साहेब झालं, बोलणारी पोरगी खाली बसली ती बसलीच. साहेबांनी टोपीवाल्याला टोपी काढायला लावली, त्याला सतराचा पाढा विचारला, तो "सत्रा सक" ला अडकला, फळ्यावर तारीख नाही हे दाखवलं, मला ऑफिसात बोलावलं. बारा मिनिटांत सगळं झालं. संध्याकाळी डबा भरताना तिनं उरलेले दोन चिंचोके आणून दिले. मुठीत इतका वेळ धरलेले की गेरू तिच्या तळहाताला लागला होता.

मला शेऱ्याचं दुःख झालं नाही असं नाही म्हणत, पण त्याहून जास्त त्या "नाय" चं झालं. शुद्ध भाषा मीही शिकवते, लेखी कामात लाल पेन मीही वापरते. पण पोर विचार करत करत बोलत असतं ना तेव्हा ते आईच्या भाषेत बोलतं, तिथं मध्येच थांबवून नाय चं नाही केलं की भाषा सुधारत नाही, विचार तेवढा तुटतो. नंतर पाच आठवडे ती गोलात बोलली नाही. सहाव्या आठवड्यात बोलली, तेही टोपी तिच्या डोक्यावर होती म्हणून.

पुढं काय झालं तेही सांगते, नाहीतर वाटेल बाईंनी गोड गोष्ट रचली. पुढच्या आठवड्यात पोरं मधल्या सुट्टीत पाणी सोडणाऱ्या काकांना विचारून आली. काका म्हणाले मला पहिल्यापासून याच क्रमानं वॉल सोडायला सांगितलंय, कोणी सांगितलं ते आठवत नाही. पोरांनी टाकीपासून प्रत्येक वाडीपर्यंत पावलं मोजली, नकाशा केला (भूगोलाचा प्रमाणाचा भाग त्यात आपोआप झाला, टाचणात तसं लिहिलंय), आणि ग्रामपंचायतीला पत्र लिहिलं की क्रम आठवड्याला बदलता येईल का. पोच मिळाली, उत्तर अजून नाही. पाणी अजून त्याच क्रमानं येतं. दोन दिवसांनी एक पालक शाळेत आले, तावातावानं, "बाई, पोरांना राजकारण शिकवता काय?" मी पुस्तक उघडून दाखवलं, म्हटलं ग्रामसभेत प्रश्न विचारायचा असतो हे धड्यातच आहे. ते म्हणाले, "पुस्तकात असू दे की. पोरांच्या तोंडात कशाला?"

या वाक्याला माझ्याकडं तेव्हा उत्तर नव्हतं. मुख्याध्यापक सरांनी चहा मागवला म्हणून निभावलं. पण नंतर विचार केला तर लॉगबुकातला शेरा आणि हे वाक्य, दोन्हीत मला फारसा फरक दिसेना. रागावू नका. पुस्तकात असू दे, परिपत्रकात असू दे, वर्गात कशाला.

कारण परिपत्रकात सगळं आहे की. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू, त्याच्या २९ व्या कलमात मुलांना भीतीपासून मुक्त ठेवायचं आणि त्यांना आपली मतं मोकळेपणानं मांडायला मदत करायची हे स्पष्ट लिहिलंय. त्याच वर्षी २० ऑगस्टला आपल्याकडं सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचा शासन निर्णय आला, त्यात आकारिकच्या, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनाच्या, साधनांत दैनंदिन निरीक्षण आहे, तोंडीकाम आहे. माझा रेघोट्यांचा कागद म्हणजे दुसरं काय आहे? २०१५ ला प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र हा कार्यक्रम आला, ज्ञानरचनावाद ज्ञानरचनावाद (मूल आपलं ज्ञान आपणच रचतं, ते) म्हणून आपण सगळे गाड्या करून साताऱ्याला कुमठे बीटातल्या शाळा बघायला गेलो, मीही गेले होते, परत येऊन फरशीवर वर्तुळं रंगवली, ती अजून आहेत, साहेबांनी त्या दिवशी त्यांचं कौतुकही केलं. वर्तुळ रंगवलेलं चालतं, त्यात बसून पोरं बोलायला लागली की गोंधळ. आणि २०२० च्या राष्ट्रीय धोरणात तर पाठ्यक्रमाचा भार कमी करून चर्चेला आणि शोध घेण्याला जागा करा असं सरळ म्हटलंय. त्या धोरणावरचं आमचं प्रशिक्षण झालं ना, त्यात चर्चा पद्धतीवर एक पूर्ण सत्र होतं. एका हॉलमध्ये आम्ही ऐंशी जण, पंखे दोन, आणि साधनव्यक्ती, म्हणजे प्रशिक्षण देणारे, पीपीटी वाचत होते. शेवटी म्हणाले, काही शंका? एक सेकंद थांबले. मग आभार प्रदर्शन.

हसू येतं पण दोष त्यांचाही नाही. आपल्यापैकी कोणी शाळेत असताना कधी चर्चा केलीय? मी नाही केली. आमच्या वर्गात बोलणारा म्हणजे उलट बोलणारा. दर महिन्याच्या शिक्षण परिषदेत, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत, आपण शंभर टक्के हजर असतो आणि बोलतात तेच तीन-चार जण, बाकीचे मागं बसून पोर्टलची माहिती भरतात. कागदावर रेघा ओढल्या तर ते पण बैलगाडीचं चाकच निघेल.

आता तुमची बाजू. मला मान्य आहे की "गटचर्चा चालू आहे साहेब" या नावाखाली मोबाइल बघत बसणारे महाभाग आपल्यात आहेत, आणि तुम्हाला दारातून दोन्ही वर्ग सारखेच दिसणार. मग फरक ओळखायचा कसा? एक सोपी गोष्ट सांगते, मला तरी ती कधी चुकलेली दिसली नाही. कुठल्याही एका पोराला जवळ घ्या आणि विचारा, तुझ्या आधी जो बोलला तो काय म्हणाला? आणि तुला ते पटलं का, नाही तर का नाही? चर्चा खरी चालू असेल तर पोर सांगेल, नाव घेऊन सांगेल, कदाचित तावातावानंही सांगेल. नुसता गलका असेल तर ते बाईंच्या तोंडाकडं बघेल. बाईंनाही विचारा, आज कोण बोललं नाही? ज्या बाईला हे सांगता येत नाही ती शिकवत नव्हती असं खुशाल लिहा, मी स्वतः साक्षीदार म्हणून सही करीन. पण सतराच्या पाढ्यावरून ते कळत नाही हो. पाढा यायला पाहिजे, तो त्याचा आता पाठ झालाय, त्याच्या आईनं करून घेतला शेरा ऐकून.

आणि पूर्ण तास बसा. बारा मिनिटांत माझं बोलणं ऐकून होतं, पोरांचं होत नाही, पोरांची पहिली दहा मिनिटं नुसती इकडची तिकडची जातात, खरं काय ते विसाव्या मिनिटाला येतं. तुमच्याकडं एका दिवसात तीन शाळांचं टार्गेट असतं हे मला ठाऊक आहे, ते वरून येतं, त्याच्यावर तुम्हीही कधीतरी खुलं पत्र लिहा, मी शेअर करीन. पण तीनच्या जागी एकच शाळा करून एकच तास पूर्ण बघितलात तर काय बिघडेल? बसायचं मात्र सतरंजीवर, खुर्ची आणली की पोरं खुर्चीकडं बघून बोलतात. आणि बोलणाऱ्याला मध्ये सुधारायचं नाही, चुका लिहून ठेवा, तास झाला की मला द्या, मी त्या भाषेच्या तासाला घेईन, प्रामाणिकपणे घेईन.

लॉगबुकचा नमुना बदला असं मी म्हणणार नाही, ते शासनाचं काम. पण शेरा लिहिताना "शिक्षिका अध्यापन करताना आढळल्या नाहीत" याच्या शेजारी एक वाक्य अजून बसतं, जागा असते तेवढी. किती मुलं बोलली, कशावर बोलली. तेवढं लिहा. पुढच्या शिक्षण परिषदेत एक तास गोलात बसून करूया का, हाही एक प्रस्ताव आहे, विषय तुम्ही द्या, चिंचोके आमच्या शाळेकडून. अशैक्षणिक कामांवर नको फक्त, त्यावर तीन चिंचोक्यांत कोणाचंच भागणार नाही.

येत्या गुरुवारी चौथी तासिका आहे, बरोबर बारा वाजता. सातवीचा इतिहास सुरू आहे, तिसऱ्या ढिगातली चिठ्ठी अजून निवडलेली नाही पण शिवाजी महाराजांच्या काळात आपल्या गावात कोण राहत होतं आणि ते पुस्तकात का नाही, असं काहीतरी वर येईल असा माझा अंदाज आहे. चर्चाप्रमुख कोण आहे ते तुम्हाला आल्यावर दिसेल, तिनं हा नंबर स्वतः मागून घेतलाय. जेवण शाळेतच करा, गुरुवारी मटकीची उसळ असते. तुम्हाला बोलावणार म्हणून कळलं तेव्हा पोरांनी पाहुण्यांचा नियम करून टाकला, मी विरोध केला पण बहुमतापुढं चाललं नाही. मोठ्या माणसांना चिंचोका एकच.

आपली,
सहावी-सातवीची वर्गशिक्षिका